चूक कुणाची, ते पासबुकात सापडतं

सोलापुरात विडी घरकुलात, अशोक चौकात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मोबाइलवरच्या कर्जाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "घेताना गोड लागलं, आता फेडताना कशाला रडायचं?" दुसरं, "हे अ‍ॅपवाले लुटारूच आहेत, एक रुपया देऊ नका." बोलणारे मनापासून बोलतात. पण कर्जात अडकलेल्या घराला यातलं एकही वाक्य कामाचं नाही, कारण दोघंही सगळी थकबाकी एकच गठ्ठा धरतात. त्या गठ्ठ्यात चार वेगळे पैसे असतात: हातात आलेलं मुद्दल, कबूल केलेलं व्याज, आधीच कापलेली फी आणि हप्ता चुकल्यावर चढलेला दंड. प्रत्येकाची जबाबदारी वेगळी. ती ठरवायची तर भांडण बाजूला ठेवून पासबुक उघडावं लागतं.

एक हिशेब मांडू. अ‍ॅपवर १०,००० रुपये मंजूर झाले, मुदत एक महिना, व्याज महिना ३ टक्के. प्रोसेसिंग फी १,२०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१६. खात्यात जमा होतात ८,५८४. महिन्याने फेडायचे १०,३००. म्हणजे ८,५८४ रुपये महिनाभर वापरायला १,७१६ रुपये पडले. हा झाला शेकडा वीस, तोही महिन्याला. गल्लीतल्या सावकाराने शेकडा दहा सांगितले तर माणूस दारातूनच मागे फिरतो. तोच माणूस शेकडा वीसला ओटीपी देऊन मोकळा होतो, कारण पडद्यावर ठळक अक्षरात तीन लिहिलेलं असतं आणि फी दुसऱ्या पानावर असते.

अमेरिकेत यालाच पे-डे लोन म्हणतात. पगार होईपर्यंतचं कर्ज. तिथला नेहमीचा भाव १०० डॉलरला दोन आठवड्यांचे १५ डॉलर, वर्षाच्या हिशेबाने ३९० टक्के. आपलं वरचं उदाहरण २४० टक्क्यांचं आहे. आणि परवाना नसलेली सात दिवसांची अ‍ॅप्स याच्याही पुढे जातात. ५,००० दाखवून ३,२०० जमा करायचे आणि आठव्या दिवशी ५,००० मागायचे, म्हणजे आठवड्याला ५६ टक्के. याला कर्ज म्हणायची माझी तयारी नाही.

खरी मेख पहिल्या कर्जात नसते, ती पहिलं फेडायला घेतलेल्या दुसऱ्यात असते. १०,३०० भरायचे आहेत आणि घरात नाहीत. दुसरं अ‍ॅपही तशीच फी कापणार, त्यामुळे १०,३०० हातात पडायला १२,००० चं कर्ज काढावं लागतं. पुढच्या महिन्यात १२,३६० भरायला १४,४००. मग १७,२८०. मग २०,७३६. चार वेळा फिरवलं की कर्ज दुपटीच्या वर गेलं. या चार महिन्यांत घरात नवा पैसा एकही आला नाही, पहिले ८,५८४ कधीच खर्चून गेलेत.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, हे जुन्या मुंबई इलाख्यातली कोर्टं मानत आली. ब्रिटनने २ जानेवारी २०१५ पासून तिथल्या पे-डे कर्जांना जवळजवळ हेच लावलं: रोजचा खर्च ०.८ टक्क्यांच्या आत, हप्ता चुकल्याचा दंड जास्तीत जास्त १५ पौंड, आणि व्याज, फी, दंड सगळं धरून मुद्दलाइतकंच. त्यापुढे एक पेनीही नाही. पण वरच्या उदाहरणात दामदुपटीचा नियम पकडणार कुणाला? प्रत्येक कर्ज कागदावर नवं, देणारा नवा, आणि प्रत्येकाने आपापल्या मुद्दलावर थोडंच व्याज घेतलेलं. दुप्पट झालं ते कर्जदाराच्या घरात, कुणा एकाच्या वहीत नाही. म्हणून दुसरं अ‍ॅप उघडण्याचा क्षण हा कर्जदाराच्या जबाबदारीचा सगळ्यात मोठा क्षण आहे. तिथे त्याला कायदा वाचवत नाही.

आता वाटणी करू. हातात आलेलं मुद्दल तुमचं, त्यावर वाद नाही. केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) नावाचं, कर्जाची मुख्य माहिती देणारं पान दाखवलं गेलं असेल, त्यावर एपीआर म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहिला असेल, आणि तरी ओटीपी दिला असेल, तर ते व्याज आणि ती फीसुद्धा तुम्ही कबूल केलेली आहे. कडू वाटलं तरी "मला फसवलं" हे वाक्य तिथे टिकत नाही. उत्पन्न फुगवून लिहिलं असेल तर तीही तुमचीच चूक.

पण देणाऱ्यावरही बंधनं आहेत, आणि ती मोघम नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ आणि २०२५ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे कर्ज देण्याआधी वय, व्यवसाय आणि उत्पन्न विचारणं त्याचं काम आहे. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात आले पाहिजेत. मधल्या अ‍ॅपची फी कर्ज देणाऱ्या कंपनीने भरायची, तुमच्याकडून वेगळी काढायची नाही. फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. किमान एक दिवसाची माघारीची मुदत द्यायची, तेवढ्यात मुद्दल आणि वापरलेल्या दिवसांचा खर्च भरून कर्ज परत करता येतं. प्रोसेसिंग फी मात्र केएफएसमध्ये तसं लिहिलं असेल तर ठेवून घेता येते. ही मुदत फार थोड्यांना माहीत असते. रात्री अकराला घाईत घेतलेलं कर्ज सकाळी शुद्धीवर आल्यावर परत करता येतं, हे घरोघर सांगण्यासारखं आहे.

यातलं काही मोडलं तर दोष देणाऱ्याचा. मुद्दल मात्र त्याने माफ होत नाही. तक्रार केल्यावर चुकीची फी, दंड, छळ यांचा निकाल लागतो. हातात आलेले पैसे फेडायचेच असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हे पटलं की माणूस निम्मा मोकळा होतो.

दंडाकडे वेगळं बघा. यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात पगार आठवड्याचा, हप्ता मात्र महिन्याच्या ५ तारखेला. शनिवारी हातात आलेली रोख किराण्यात आणि भाड्यात जाते, ५ तारखेला खात्यात ४०० रुपये असतात, आणि सकाळीच हप्ता ओढला जातो. पैसे कमी पडून हप्ता परत गेला की पासबुकात एसीएच रिटर्न चार्ज अशी ओळ उमटते: २५० ते ५०० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे २९५ ते ५९०. ही बँकेची. कंपनीचा बाउन्स चार्ज वेगळा. पुन्हा ओढलं, पुन्हा तीच ओळ. २,००० च्या हप्त्यापायी एका महिन्यात हजार-बाराशे असे जातात आणि मुद्दल जागचं हलत नाही. यावर उपाय साधा आहे. दर शनिवारी हप्त्याचा चौथा भाग खात्यात टाकायचा, शक्यतो ज्या खात्याचं एटीएम कार्ड घरी ठेवता येईल अशा खात्यात. हप्ता भरणं जमणारच नसेल तर तीन-चार दिवस आधी कंपनीला ईमेल करून तारीख बदलून मागायची. एनएसीएचची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप ओढायची परवानगी बँकेत अर्ज देऊन बंद करता येते, पण कर्ज तसंच ठेवून ती बंद करू नका. हप्ता मुद्दाम परत पाठवणं चेक बाउन्ससारखं अंगाशी येऊ शकतं, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ मध्ये शिक्षा आहे. कंपनीने दंड लावला तर तो दंड म्हणून वेगळा दाखवला पाहिजे. तो मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने मनाई केली आहे.

बायकांच्या गटकर्जात तर मर्यादा आकड्यातच आहे. २०२२ च्या मायक्रोफायनान्सच्या नियमांत घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत. घरात विड्या आणि माग मिळून १५,००० येत असतील तर सगळे हप्ते ७,५०० च्या आत. चौथ्या कंपनीचा माणूस बाकीचे तीन हप्ते न विचारता फॉर्म भरत असेल तर जबाबदारी त्याची. तीन हप्ते लपवून सही केली असेल तर आपली. उशिराचा दंड थकलेल्या हप्त्यावर लागतो, सगळ्या कर्जावर नाही. मुदतीआधी फेडलं तर दंडच नाही.

सावकाराचा कायदा वेगळा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवाना लागतो, आणि बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के ही हद्द आहे. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. मात्र हा राज्याचा कायदा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना लागू होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं. त्यामुळे अ‍ॅपची तक्रार घेऊन उपनिबंधकांकडे गेलं तर फुकट हेलपाटा.

बाहेर पडायला सुरुवात वहीपासून करा. एका पानावर प्रत्येक कर्जासमोर चार आकडे लिहा: हातात किती आले, आतापर्यंत किती भरले, आज किती मागतात, त्यात दंड किती. अ‍ॅप काढून टाकण्याआधी कर्जाच्या पानांचे, केएफएसचे, मेसेजचे स्क्रीनशॉट काढा. घाईत अ‍ॅप उडवून पुरावाच घालवणारे पुष्कळ असतात. मग अ‍ॅपच्या मागे कंपनी कोण ते शोधा. केएफएसवर नाव असतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर अधिकृत अ‍ॅप्सची यादी आहे. नाव कुठेच नसेल तर तो सायबर पोलिसांचा विषय: १९३० वर फोन, मग शहरात आयुक्तालयाच्या आणि तालुक्यात ग्रामीण पोलिसांच्या सायबर ठाण्यात तक्रार. असे लोक ओळखीच्यांना घाणेरडे फोटो पाठवायची धमकी देतात. त्यांच्या आधी आपणच भावकीत, शेजारी आणि कारखान्यात सांगून टाकावं की असा मेसेज आला तर खोटा समजा. गुपित उरलं नाही की धमकीतलं बळ जातं. धमकीपोटी जादा पैसे मात्र देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते.

नोंदलेली कंपनी असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. फोनची वेळ, नंबर वहीत नोंदवा. मोघम "खूप छळतात" यापेक्षा "रात्री ९.४०, तीन फोन, सासऱ्यांना" ही ओळ जास्त काम करते.

फेडताना आधी भाडं, लाइटबिल, शाळा आणि औषधं बाजूला काढा. उरलेल्यातून सगळ्यात महाग कर्ज संपवा, ते लहान असेल तर फारच बरं. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून २४० टक्क्यांचं कर्ज फेडणं हिशेबाने योग्य आहे, पण त्याच दिवशी फोनमधली सगळी कर्जाची अ‍ॅप्स बंद झाली पाहिजेत, नाहीतर सोनंही जातं आणि कर्जही राहतं. पतसंस्थेचं कर्ज स्वस्त पडतं. मात्र जामीनदाराला सगळी कर्जं दाखवूनच सही घ्या, त्याचा संसारही त्या सहीत येतो. मालकाकडून उचल मिळत असेल तर ती किती आठवड्यांत कापणार ते लिहून घ्या.

तडजोड करायची झाली तर आधी कंपनीचं पत्र, मग पैसे, आणि तेही कंपनीच्याच खात्यात, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर कधीच नाही. "सेटल्ड" आणि "क्लोज्ड" यात फरक आहे. सेटल्ड म्हणजे कमी घेऊन सोडलं, आणि तो शेरा पुढची काही वर्षं कर्ज मिळताना आडवा येतो. पूर्ण फेडलं असेल तर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र मागून घ्या. महिन्याभराने सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडचा आपला अहवाल बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. फेडलेलं कर्ज अजून थकीत दिसत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुमची, ती मागून घ्या.