पिसा शहरातली नौकाशर्यत, १:२४ मापाचं मॉडेल : डोलकाठी अखेर सरळ

मंडळी, इटलीतल्या पिसाच्या नौकाशर्यतीचं मॉडेल करतोय, त्यातली डोलकाठी सरळ उभी राहिली! चार संघांच्या नावांचं रंगकाम पूर्ण आहे: सांता मारिया आकाशी, सान फ्रांचेस्को पिवळी, सान मार्तीनो लाल, सांत'आंतोनियो हिरवी. पण हा सगळा मजकूर डोलकाठीच्या दोरांबद्दलच आहे.

सान रानिएरीच्या दिवशी, १७ जूनला, आर्नो नदीत प्रवाहाविरुद्ध १,५०० मीटर वल्हवून शर्यत संपत नाही. आठ वल्हेकरी आणि सुकाणूवाला नाव डोलकाठीच्या नांगरलेल्या होडीपर्यंत आणतात, मग 'मोंतातोरे', म्हणजे चढणारा गडी, चारपैकी एक दोर धरून १० मीटर उंच डोलकाठीच्या टोकाला चढतो. निळं निशाण ज्याच्या हाती, तो जिंकला. १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत तुर्की सरदाराच्या जहाजावर चढून निशाण काढलं, त्याची ही आठवण. म्हणून माझ्या लेखी ते चार दोर हाच मॉडेलचा प्राण.

आपल्या मापात काठी ४१.७ सेंमी. एक दोर ताणला की समोरचा सैल, टोक कलतं. त्यात सुती दोरा पावसाळी हवेत आखडतो, ऊन पडलं की ढिला. संध्याकाळी सरळ ठेवलेली काठी सकाळी वाकडी! ऑनलाइन मागवलेला 'खास जहाजी दोरा' तर पिसं सुटलेला निघाला. शिंप्याकडचा पॉलिएस्टर दोरा मेण लावून वापरा, त्याला तोड नाही. काठीलाही बाल्साचं हलकं लाकूड नको. तासलेला बांबूच हवा.

उपाय सापडला तो असा: समोरासमोरच्या दोन दोरांसाठी एकच अखंड दोरा, काठीच्या टोकातल्या भोकातून ओवलेला. खालची टोकं पाटातून आरपार काढून प्रत्येकाला सारख्या वजनाचा लोखंडी नट टांगला. ताण आपोआप समान झाला. रात्रभर तसंच ठेवून मग डिंकाचा थेंब. काय सुंदर ताणलेत चारही!

हे लिहितानाच लक्षात येतंय: माणूस चढत असलेला दोर इतका ताठ कसा असेल? हिरव्या संघाचा गडी अर्ध्यावर आहे, तिथे दोर झुकायलाच हवा. म्हणजे तो दोर सोडवून पुन्हा बांधायचा, आणि त्या गड्याच्या पोटात शिसं भरायचं. नदीच्या पाण्यासाठीचं रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव्य) ओतणं त्यामुळे पुढे ढकलतोय. शेवटच्या संघाला मिळणारी बदकांची जोडी तोवर कोरून घेतो.

शिशाचे बारीक छर्रे कोणी कुठून घेतलेत?