मुहूर्त १२.३५ चा, अक्षता दीड वाजता

सांगली-मिरज रस्त्यावरचं कार्यालय, फेब्रुवारीतलं लग्न. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. नवरी गौरीहरापाशी बसलेली, भटजींनी अंतरपाट घडी घालून खांद्यावर टाकलेला, आणि परण्या, म्हणजे नवऱ्याची वाजतगाजत येणारी मिरवणूक, अजून मारुतीच्या देवळासमोरच नाचत होता. डॉल्बीचा दणका कार्यालयाच्या खिडक्यांच्या काचांना जाणवत होता.

आमच्या भागात हे नवं नाही. पण उशीर झाला की पहिली कात्री कशाला लागते, ते आम्हा फोटोवाल्यांना ठाऊक असतं. अक्षता टळत नाहीत, जेवणं टळत नाहीत, आहेर टळत नाही, पुढाऱ्यांची आशीर्वादाची भाषणंही टळत नाहीत. टळतात ते घरच्या माणसांचे फोटो. वर्षभराने अल्बम उघडल्यावर कळतं, की सख्ख्या मावशीबरोबर एकही धड फोटो नाही. त्या दिवशी तसं झालं नाही. एक गोष्ट मात्र हुकली, ती पुढे सांगतो. बाकी सगळं मिळालं ते नवरा-नवरीने आधी करून ठेवलेल्या तयारीमुळे. उजेड, कोन, लेन्स हे आमच्या हातात असतं. वेळ आणि माणसं मात्र त्या दोघांच्याच हातात असतात.

महिनाभर आधी ते दोघं भेटायला आले, तेही एकत्र. हे मी मुद्दाम सांगतो. बहुतेक वेळा एकाच घरचं कोणीतरी येतं, पॅकेज ठरवतं आणि दुसऱ्या घराला काय हवंय ते लग्नादिवशी स्टेजवर कळतं. मोबाईलमध्ये साठेक रील्स साठवलेल्या होत्या. त्यातल्या पाचच निवडा आणि प्रत्येकीत नेमकं काय आवडलं ते सांगा, असं म्हटल्यावर नवरी विचार करून म्हणाली, "दादा, यात संध्याकाळचं ऊन आहे, आणि आजूबाजूला कुणी नाही." म्हणजे त्यांना हवं होतं ते तिरपं ऊन आणि मोकळी जागा. दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला, हजार माणसांत, कापडी मांडवाखाली यातलं एकही मिळणार नव्हतं. ते फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या द्राक्षबागेत काढायचं तिथंच ठरलं आणि लग्नाच्या दिवसावरचं मोठं ओझं उतरलं.

मग वेळापत्रक मांडलं. ते मुहूर्तापासून उलटं मोजायचं असतं. मुहूर्त १२.३५. नवरी पूर्ण तयार १०.४५ ला. नऊवारी नेसवायला पाऊण तास, मेकअप आणि केसांना अडीच तास, म्हणजे पार्लरच्या ताईंनी ७.३० ला हात लावला पाहिजे. त्यांना निरोप नऊचा गेला होता, तो त्याच बैठकीतून फोन करून बदलला. लग्नाचे निम्मे उशीर त्या खोलीत सुरू होतात. त्यात ताईंची चूक क्वचितच असते, त्यांना वेळच चुकीची सांगितलेली असते. १०.४५ ते ११.१५ फक्त नवरीचे फोटो, त्यानंतर तिच्या घरचे. नवऱ्याकडच्यांचे फोटो परण्या निघायच्या आधी, फेटे बांधून होताक्षणी. फेट्याला माणशी दोन मिनिटं धरली तरी चाळीस फेट्यांना ऐंशी मिनिटं लागतात, म्हणून बांधणारे दोघं सांगितले. नाचून आल्यावर फेटे सुटलेले असतात, चेहरे घामाने चमकत असतात, सदऱ्याला गुलाल लागलेला असतो.

दुसरं काम कागदाचं. एका पानावर चौदा ग्रुप, प्रत्येकात कोण कोण, नात्यासकट. आणि दोन्हीकडून एकेक माणूस हाका मारायला: नवरीकडून तिचे धाकटे मामा, नवऱ्याकडून त्याची चुलतबहीण. आईवडिलांना हे काम देऊ नये. त्यांचे हात विधीत आणि मानपानात अडकलेले असतात. आणि थोरली आत्या कोण, विट्याचे पाहुणे कोण, हे आम्हाला कसं कळणार? माणसं समोर असली की एका ग्रुपला तीन मिनिटं लागतात. जमवायची असली की दहा. क्रमसुद्धा ठरवून लिहिला होता: आधी सगळं खानदान, मग फळी फळी कमी करत शेवटी आईवडील. म्हणजे म्हातारी माणसं आणि लहान मुलं पहिल्यांदा मोकळी होतात.

कागदाच्या मागच्या बाजूला तीन ओळी होत्या. दोन चुलत्यांचं बोलणं नाही, शेजारी उभं करू नका. एका घरात नुकतंच दुःख झालंय, त्यांना आग्रह करू नका. आजी स्टेज चढत नाहीत, त्यांचा फोटो खुर्चीपाशीच घ्या. या तीन ओळी आम्हाला कुठल्याही रीलपेक्षा जास्त उपयोगी पडल्या.

सकाळी खोलीत गेलो तर खिडकीजवळची जागा मोकळी करून ठेवलेली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, नथ, पत्रिका, मंगळसूत्राची डबी, सगळं एका ताटात. या वस्तू वेगवेगळ्या पिशव्यांतून शोधण्यात सहज वीस मिनिटं जातात. खोलीतली ट्यूब आम्ही बंद केली. खिडकीचा उजेड निळसर, ट्यूबचा हिरवट, बल्बचा पिवळा. तिन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा येतो, आणि नंतर कॉम्प्युटरवर एक बाजू सुधारावी तर दुसरी बिघडते. मुंडावळ्या बांधताना ताईंना सांगितलं, गाठ कानाच्या थोडी वर घ्या. खाली बांधली की मोत्यांच्या सरी डोळ्यांवर येतात आणि वरच्या लाइटने बुबुळांवर सावली पडते.

स्टेजवर गेलो तेव्हा मात्र काळजी वाटली. डेकोरेटरने समोरून आठ 'एलईडी पार', म्हणजे स्टेजचे झोताचे दिवे, लावले होते, गुलाबी आणि जांभळे. डोळ्याला छान दिसत होतं. आमच्यातला एक जण नवरीच्या जागी उभा राहिला आणि चाचणीचा फोटो घेतला. चेहरा सपाट आणि किरमिजी, गालाची गोलाईच गायब. कारण असं, की रंगीत एलईडीचा प्रकाश फार अरुंद पट्ट्यातला असतो. त्यात त्वचेचे बाकीचे रंग नसतातच, तर कॅमेऱ्यात कुठून येणार? रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो, असली तरी जे टिपलंच गेलं नाही ते परत आणता येत नाही. पिवळ्या बल्बचा रंग काढता येतो, हा नाही. डेकोरेटर आमचं ऐकेना. त्याचं तरी काय चुकलं, त्याला तसंच सांगितलेलं होतं. नवरीने खोलीतूनच फोन केला: अक्षता आणि विधी होईपर्यंत समोरचे लाइट पांढरे-पिवळसर ठेवा, रंग मागच्या पडद्यावर टाका. दोन मिनिटांत झालं. डेकोरेटर, डॉल्बीवाले, कोल्ड पायरोवाले (स्टेजवर ठिणग्यांचे फवारे उडवणारे) हे सगळे पैसे देणाऱ्याचं ऐकतात, आणि तसंच असायला हवं. म्हणून हा निरोप घरच्यांकडूनच जावा लागतो.

तर १२.२० वाजता नवरीकडचे सगळे तयार आणि वाट बघत बसलेले. नवरीसोबतचे ग्रुप ११.१५ ला सुरू केले होते. पण चुलत्यांची गाडी कवठेमहांकाळहून उशिरा आली आणि चौदांपैकी तिच्या घरचे चार राहिले होते. गौरीहराची पूजा आटोपली होती. मामांनी भटजींना विचारलं, नवरीला पाच-पाच मिनिटं उठवता येईल का. त्यांनी होकार दिला. मामांनी कागद हातात घेऊन हाका मारल्या आणि परण्या दारात यायच्या आत चारही झाले. वाट पाहण्यात गेली असती ती वेळ कामी आली. आधी लिहून ठेवलेलं नसतं, तर त्या चाळीस मिनिटांत सगळे मोबाईल बघत बसले असते.

परण्या आला एक वाजता. ओवाळणं, दोन भाषणं, मग मंगलाष्टका. अंतरपाटाच्या क्षणाबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण लग्नाचा सगळ्यात मोठा फोटो इथं असतो आणि सगळ्यात जास्त वेळा तो इथंच जातो. अंतरपाट दूर झाला की दोघं एकमेकांकडे बघतात ते दोन-तीन सेकंद. लगेच मामा, करवल्या आणि मोबाईल पुढे सरकतात. आम्ही भटजींना आधीच विचारून घेतो, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार. त्या बाजूला उभं राहिलं तर कापडाशिवाय काही दिसत नाही. एक जण नवरीच्या खांद्यामागून, एक नवऱ्याच्या, आणि व्हिडिओवाला समोर, जरा लांब. दोन्ही घरचे फोटोग्राफर वेगळे असतील, तर या जागा आदल्या दिवशी फोनवर वाटून घ्यायला लावाव्यात, नाहीतर प्रत्येक फोटोत दुसऱ्याचा कॅमेरा येतो. शटर १/२५० सेकंदाला ठेवलं की उडणारी अक्षता दाण्यादाण्याने दिसते, १/६० ला तिच्या रेघा होतात. मागे एलईडी वॉल असेल तर जास्त वेगाला काळे पट्टे येतात, म्हणून आमची विनंती असते की अक्षतेच्या वेळी वॉल बंद ठेवा.

त्या दिवशी निवेदकाने शेवटच्या मंगलाष्टकेआधी माइकवरून सांगितलं, "पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी कृपया मोबाईल खाली ठेवावेत, नवरा-नवरीची विनंती आहे." हे वाक्यही त्या दोघांनीच लिहून दिलं होतं. आम्ही सांगितलं असतं तर लोकांना राग आला असता. 'सावधान' झालं, कापड सरकलं, आणि नवऱ्याच्या डोळ्यात पाणी आलेलं नवरीला दिसलं. तिचा हात हारासकट तसाच थांबला. तिने तो मुद्दाम थांबवला नव्हता, पण हार घालताना घाई करू नका, एक श्वास घ्या, एवढं आम्ही आधी बोललो होतो. मध्ये कुणाचा हात नाही, कुणाचा मोबाईल नाही. सलग अकरा फोटो मिळाले. कोल्ड पायरो हार घातल्यानंतर उडवले. आधी उडवले असते तर धुरात फोकस चाचपडत राहिला असता.

मंगळसूत्राच्या वेळी करवलीने केस आणि पदर एका बाजूला धरले. एवढी एक गोष्ट केली की फोटोत नवऱ्याची बोटं आणि मंगळसूत्र दिसतं, नाहीतर निव्वळ पाठ येते.

हुकली ती कानपिळी. उशीर भरून काढायला भटजींनी विधी भराभर उरकले, आणि आमच्यातले दोघं नेमके तेव्हा जेवायला गेले होते. तिसरा बॅटरी बदलत होता, व्हिडिओवाला पंगतीचं शूटिंग करत होता. नवरीच्या धाकट्या भावाने नवऱ्याचा कान पिळला, सगळे हसले, आणि आमच्याकडे त्याची एकही फ्रेम नाही. त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो. चूक आमची होती. आम्ही त्याच वेळी नवरीला सांगितलं, अल्बमच्या वेळेपर्यंत लपवून ठेवलं नाही. त्याने पुन्हा एकदा कान पिळला, तो फोटो घेतला, पण ते हसू पहिलं नव्हतं. तेव्हापासून भटजींकडून विधींचा क्रम लिहून घेतो आणि टीमचं जेवण परण्या निघायच्या आधी उरकतो. लग्नघरानेही आचाऱ्याला तसं सांगून ठेवावं. भुकेला माणूस चार वाजता कॅमेरा नीट धरत नाही.

नंतर आहेराची रांग. इथं हिशेब केलेला बरा. सहाशे माणसं, चार-चारच्या गटाने दीडशे ग्रुप, प्रत्येकी पंचवीस सेकंद, म्हणजे तासाच्या वर. तेवढा वेळ नवरा-नवरी उपाशी उभे. या दोघांनी रांगेआधी पंधरा मिनिटं बाजूला बसून चार घास खाल्ले. त्यानंतरच्या फोटोंतले चेहरे पाहिले की फरक कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासगाव तालुक्यातली बाग. सत्यनारायण दहाला होता, आम्ही पावणेसातला पोचलो. द्राक्षाच्या मांडवाखाली सुंदर दिसतं, पण पानांतून गाळून आलेल्या उजेडाने चेहरा हिरवा होतो. म्हणून दोघांना सरीच्या टोकाला, मांडवाच्या कडेला उभं केलं आणि पांढऱ्या चादरीने समोरून उजेड परतवला. फवारणी दोन दिवस आधीपासून थांबवायला सांगितली होती. कोवळं ऊन, लोंबते घड, आसपास कुणी नाही. त्या पाच रील्समध्ये जे होतं, ते चाळीस मिनिटांत मिळालं.

एकूण चार हजार दोनशे फोटो निघाले. आम्ही चाळून अकराशे दिले, त्यांनी अल्बमसाठी एकशे साठ निवडले. १२ × ३६ इंची चाळीस पानी करिझ्मात, म्हणजे जाड छापील पानांच्या अल्बममध्ये, वीस शीट असतात, म्हणजे शीटला सरासरी आठ. साडेतीनशे निवडले की शीटला सतरा-अठरा होतात आणि माणसं तिकिटाएवढी दिसतात. निवड दोघांनीच करायची, पंधरा दिवसांत. घरोघरी फिरवली की वर्ष जातं.

नवरीचं माहेर सांगलीच्या गावभागातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा त्यांच्या तळमजल्यावर पाणी होतं आणि आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम त्यात भिजला. घरच्यांनी पानं सुकायला ठेवली आणि ती कायमची चिकटली. भिजलेले जुने फोटो सुकू द्यायचे नसतात. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात हलक्या हाताने सुटे करायचे आणि चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही. म्हणून पेन ड्राइव्ह देऊ लागलो तर तिने दोन हार्ड डिस्क पुढे ठेवल्या. एक गावभागात वरच्या मजल्यावर, दुसरी तासगावच्या मळ्यातल्या घरी. दोन्हींवर तिने चिठ्ठी चिकटवली, कॉपीची तारीख लिहिली, आणि खाली आणखी एक तारीख, दोन वर्षांनंतरची, डिस्क लावून बघून नवी कॉपी करायची.