स्वयंपाकघराखालचं शहर

तुर्कस्तानात कॅपाडोकिया भागात एक गाव आहे, नेवशेहिर. हे नाव जरा मोठ्याने म्हणून बघा. नेव शेहिर, म्हणजे नवं शहर! आपल्याला डिक्शनरी लागतच नाही. १८व्या शतकात दामाद इब्राहिम पाशा ऑटोमन सुलतानाचा वजीर झाला आणि त्याने मुश्कारा नावाचं आपलं जन्मगाव वाढवून त्याचं हे नवं बारसं केलं.

तर ह्या 'नव्या शहरात' किल्ल्याभोवतीची वस्ती फारच जुनी झाली म्हणून सरकारी गृहनिर्माण खात्याने साधारण १,५०० घरं पाडायला घेतली, आणि घरं गेली तर खाली बोगदे, जिने, तबेले, दारू गाळायच्या खोल्या, हवेसाठी झरोके, दिव्यांना तेल हवं म्हणून जवसाचे घाणे, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं अख्खं शहरच. २०१४ साली ही बातमी जगभर गाजली, पुढे भित्तिचित्रांचं एक चर्चही सापडलं आणि नव्या इमारती दुसरीकडे न्याव्या लागल्या.

मला मात्र 'सापडलं' ह्या शब्दाचीच गंमत वाटते. तिथला दगड म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा टफ, आपल्या वेरूळच्या काळ्या पाषाणापुढे अगदीच लोण्यासारखा. खणायला सोपा आणि आत बारा महिने गारवा, त्यामुळे त्या भागात अशा गुहांत आजही बटाटे नि लिंबं साठवतात. म्हणजे घराखाली पोकळी आहे हे काय लोकांना माहीत नव्हतं? फक्त प्रत्येकाला आपापली एक खोली माहीत, पलीकडची भिंत म्हणजे जग संपलं. जवळच्याच डेरिनकुयूत १९६३ साली एकाने घरातली अशीच एक भिंत पाडली आणि मागे खोली, तिच्यामागे खोली, असं करत करत साधारण ८५ मीटर खोल शहर निघालं! शत्रू आला की जात्याच्या तळीसारखा पण माणसाएवढा दगड गडगडत आणून वाट बंद करायची, आणि तो फक्त आतूनच हलवता यायचा.

आता वरच्या पाडलेल्या घरांतल्या आज्ज्या गेल्या असतील कुठल्यातरी फ्लॅटमध्ये. तिथे लिफ्ट असेल, गरम पाणी असेल, सगळं मान्य, पण पोतंभर बटाटे ठेवायचे कुठे हो? बाल्कनीत ठेवले तर आठवड्यात कोंब येतात.