भाचीची काळी पट्टी आणि म्हणे "बंद" मिडब्रेन

दिवाळीत सांगलीला गेले तर फराळ राहिला बाजूला, वहिनीने आधी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. चिऊच्या (माझी भाची, वय 9) डोळ्यांवर काळी पट्टी बांधली आणि ही पोरगी पत्त्यांचे रंग काय सांगतेय, पेपरची हेडलाइन काय वाचतेय, माझ्या हातातल्या नोटेचा नंबरसुद्धा वाचला. आईच्या डोळ्यात पाणी. मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनचा क्लास, म्हणजे मुलांचा मिडब्रेन (मेंदूचा मधला भाग) "बंद" असतो, तो चालू केला की डोळे झाकून वाचता येतं म्हणे. दोन वीकेंड, 20 हजार फी. दादा म्हणे आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो ना, बाकीचा हे लोक उघडून देतात.

आता मी फिजिओथेरपिस्ट, माझ्याकडे पार्किन्सन्सचे पेशंट रोज येतात, त्यामुळे मिडब्रेन हा शब्द ऐकला की मला काही तिसरा डोळा वगैरे आठवत नाही, मला थरथरणारे हात आठवतात. मेंदूच्या देठाचा वरचा तुकडा तो, लांबी जेमतेम 2 सेंटिमीटर. त्यात काळपट पेशींचा एक पट्टा असतो, तिथे हालचालींना लागणारं डोपामिन नावाचं रसायन बनतं, त्या पेशी मरत गेल्या की पाऊल उचलता उचलत नाही, शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागतात. डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुली बारीक होणं, यातही त्याचा हात असतो. आणि आपल्याला जागं ठेवणारं जे पेशींचं जाळं आहे ते तिथूनच वर जातं, म्हणजे चिऊचा मिडब्रेन खरंच बंद असता तर ती क्लासला चालत गेलीच नसती, बेशुद्ध पडलेली असती. असो.

त्या दहा टक्क्यांचं तर मला कायम हसू येतं. मेंदूचं वजन 1.3-1.4 किलो, शरीराच्या 2 टक्के फक्त, आणि आराम करतानाही शरीराच्या एनर्जीतली साधारण 20 टक्के एकटा खातो. एवढं खाणाऱ्याला कुठलं शरीर फुकट बसवून ठेवेल? शिवाय 90 टक्के भाग रिकामा असता ना, तर स्ट्रोकचे निम्म्याहून जास्त पेशंट माझ्यापर्यंत आलेच नसते, गुठळी रिकाम्या जागेत अडकली असती आणि माणूस संध्याकाळी भाजी आणायला गेला असता. प्रत्यक्षात तुरीच्या डाळीएवढा भाग मेला तरी अख्खा हात लुळा पडू शकतो.

क्लासच्या पुस्तिकेत उजवा मेंदू कलाकार, डावा हिशेबी हे पण होतंच. फिट्स थांबवण्यासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल कापावा लागला अशा लोकांवर रॉजर स्पेरी या मेंदूशास्त्रज्ञाने प्रयोग केले, 1981 मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि लोकांनी त्याचं राशिभविष्य करून टाकलं. भाषा बहुतेकांची डावीकडे असते हे खरं, पण तुमचा माझा पूल शाबूत आहे हो, दोन्ही बाजू मिळूनच काम करतात.

तर चिऊ. मी बघत होते की वाचताना ती हनुवटी जरा वर करतेय. मी नोट तिच्या कपाळासमोर धरली, तर म्हणते, "आत्या, खाली धर ना!" सगळे हसले, मी गप्प बसले. लेकराचा सगळ्यांसमोर पचका कशाला करायचा.

रात्री गच्चीवर दोघीच असताना तिने स्वतःच सांगितलं की नाकाजवळच्या फटीतून दिसतं, आणि सर म्हणाले सुरुवातीला थोडं दिसलं तरी चालतं, पण घरी सांगायचं नाही. पैशापेक्षा मला याचा जास्त राग आला.

पण तिला ओरडले नाही, कारण त्या एवढ्याशा फटीतून पटापट वाचणं हेसुद्धा काही कमी नाही. एरवीसुद्धा आपल्याला एकदम स्पष्ट दिसतं ते हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढंच, बाकी धूसर असतं, डोळे सतत फिरत राहतात आणि मेंदू तुकडे जोडून अख्खं चित्र उभं करतो. आणि डोळ्यातून नस जिथे बाहेर पडते तिथे तर काहीच दिसत नाही, तरी आपल्याला भोक जाणवत नाही, मेंदू आजूबाजूचं बघून भरून टाकतो. चिऊला हे पटेना. मग कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे 8 सेंटिमीटरवर ठिपका काढला, डावा डोळा झाक म्हटलं, उजव्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद हळूहळू मागेपुढे कर. फूटभरावर कुठेतरी ठिपका गायब. अशी किंचाळली की खालून वहिनीने हाक मारली.

सकाळी तोच कागद घेऊन आजीकडे. आजीने पदराने चष्मा पुसला, डोळा झाकला, "अगंबाई, गेला की गं!" मग वहिनी. दादा फी परत मागायला फोनवर होता, तिकडून नॉन-रिफंडेबल ऐकून आला, सोफ्यावर बसला आणि काही न बोलता चिऊच्या हातातून कागद घेतला. पाच मिनिटं एक डोळा झाकून मागेपुढे करत होता.