विश्वामित्रीचा काठ मातीचाच राहू द्या

विश्वामित्री नदीच्या काठावर सिमेंटची भिंत नको, म्हणून आज सकाळी वडोदऱ्यातल्या काळाघोडा पुलावर सह्या गोळा करत होतो. खाली गाळावर एक मगर जबडा उघडा टाकून ऊन खात पडली होती, दातसुद्धा दिसत होते. एक मुलगा म्हणाला, "काकू, यांना हलवा ना कुठेतरी!"

अरे, कुठे हलवायचं? पावागडाहून येणारी ही नदीच त्यांचं घर. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिलंय. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. सिमेंटच्या भिंतीत कुठे घालणार? २०२४चा पूर सगळ्यांनी सोसलाय, त्यामुळे भीती कळते मला. पण भराव टाकून नदीची जागा खाल्ली ती माणसांनी.

दांडिया बाजारातल्या मंडळींनो, उद्याही तिथेच आहोत. सही करायला या, शेजाऱ्यांनाही आणा.