तुम्ही विचारलंत म्हणून: टायर वितळवून टायर का होत नाही?

"प्लास्टिकची मोडकी बादली वितळवून नवी होते, मग जुन्या टायरचं नवं टायर का होत नाही?" सोलापुरात राहून पॉलिमर, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या लांब साखळ्यांच्या रेणूंचं शास्त्र, शिकवतो म्हटल्यावर हा प्रश्न चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत विचारतात, पंक्चरवाला तर हमखास विचारतो.

सरळ उत्तर असं की टायर वितळतच नाही. तापवत राहिलात तर जळतं. केरळातून येणारं कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला ते गंधकाबरोबर तापवायची युक्ती सापडली. गंधक रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतो, म्हणून ताणलेलं रबर जागेवर येतं. पण ते बंध कायमचे. आपली कडक भाकरी कुटली तर चुरा होतो, पुन्हा मळायचं पीठ नाही. रिमोल्डवाल्याकडे टायर घासून निघणारी काळी भुकटी हा तसलाच चुरा. रिक्लेम करताना, म्हणजे जुनं रबर पुन्हा वापरण्याजोगं करताना, गंधकाचे बंध तोडतात खरे, पण त्यात साखळ्याही तुटतात आणि ताकद जाते.

आता झाडाची करामत बघा. रुंद रबरबँड ओठाला लावा आणि झटकन ताणा. गरम लागेल. ढिला सोडलात की गार. खूप ताणलं की नैसर्गिक रबराच्या साखळ्या ओळीत येऊन त्यांचे बारीक स्फटिक बनतात. चीर पडू लागली की तिच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त, म्हणून स्फटिकही तिथेच होतात आणि चीर अडते. ताण गेला की ते विरघळतात. झाडाने प्रत्येक कडी एकाच ठेवणीची, 'सिस', जोडलेली असते म्हणून हे जमतं. कारखान्यातल्या पॉलिआयसोप्रीनमध्ये, म्हणजे त्याच रबराच्या कृत्रिम नकलेत, थोड्या कड्या वाकड्या बसतात, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. ट्रक आणि विमानांच्या टायरांत अजून झाडाचंच रबर भरपूर वापरतात, ते उगाच नाही.

म्हणजे सगळी ताकद कायमच्या बंधांतूनच यायला हवी असं नाही. नवी रबरं घडवणारे हाच धागा पकडतात: ताणल्यावर स्फटिक होतील अशा नीटस साखळ्या, आणि त्यांना बांधायला उष्णतेने सुटणारे किंवा जोडीदार बदलणारे बंध. जोडीदार बदलणाऱ्या बंधांचं जाळं पॅरिसच्या लुडविक लाइबलर यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं. ते रबराचं नव्हे, इपॉक्सी राळेचं होतं, नाव व्हिट्रिमर. बुटांच्या सोलमधलं एसबीएस, म्हणजे स्टायरीन आणि ब्युटाडाइनचं वितळणारं रबर, त्याच्या कितीतरी आधीचं. ते वितळतं आणि पुन्हा साच्यात जातं, पण शंभर अंशांच्या आसपास त्यातले साखळ्यांना बांधून ठेवणारे स्टायरीनचे कडक गोळे मऊ पडतात.

खरी गोम इथेच आहे. साच्यात सहज हलणारा बंध रस्त्यावरही थोडा हलणारच. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४४ अंशांवर जाते, डांबर त्याहून तापतं, आणि हैदराबाद रोडवर भरल्या ट्रकच्या टायरची आतली उष्णता वेगळीच. शिवाय टायरमध्ये पोलादी तारा, नायलॉनचे धागे आणि कार्बन ब्लॅक असतं. नुसतं रबर सुधारून ते सगळं वेगळं होत नाही. म्हणून मला विचाराल तर सुरुवात टायरपासून करूच नये. सोल, गॅस्केट, यंत्रमागाचे रबरी भाग यांपासून करावी.

कुणी 'पुन्हा वितळणारं रबर' म्हणून तुकडा दाखवला तर दोनच गोष्टी विचारा. पाचव्यांदा वितळवल्यावर ताकद किती उरली? आणि ७० अंशांवर आठवडाभर वजन टांगून ठेवलं, मग काढलं, तर किती मागे आलं?