हातावरचे दोन ठिपके

दुपारपासून ते दोन ठिपके डोक्यातून जात नाहीयेत. फ्रेंच चित्रकार सेझानने केलेलं, चित्रविक्रेत्या व्होलारचं व्यक्तिचित्र बघत होतो. आशूने चित्रातल्या हातावरच्या दोन कोऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवून सहज विचारलं, "हे रंगवायचं राहिलंय का गं?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पुरलं नाही.

राहिलंय कसं म्हणू? १८९९ साल. व्होलारने स्वतःच लिहून ठेवलंय: उंचावर मांडलेल्या खुर्चीत अजिबात न हलता बसायचं, डुलकी लागली की बोलणी खायची, सफरचंद कधी हलतं का म्हणून. अशा ११५ बैठकी! आणि एवढं होऊन सेझानला बरी वाटली ती फक्त शर्टाची छाती. ठिपक्यांबद्दल त्याचं म्हणणं असं, की पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातला अभ्यास जमला तर योग्य टोन, म्हणजे नेमकी रंगछटा, मिळेलही. अंदाजाने काही भरलं तर तिथपासून सगळं चित्र पुन्हा करावं लागेल.

दोन मोहरीएवढ्या जागांसाठी सगळं चित्र.

पण हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. सेझानची त्वचा छायाभेदाने गोल होत नाही. गेरूकडे झुकणारा उष्ण पट्टा, त्याला लागून करडा-हिरवट शीत. एक पुढे येतो, दुसरा मागे सरतो, तेव्हा कुठे बोटाला हाड येतं. आता कोऱ्या जागी साधा करडा भरून बघा. शेजारच्या गेरूमुळे तो निळसर दिसणार आणि पुढे यायला हवं तेच पेर आत जाणार. ते उचलायला पांढरा घातला तर कातडी खडूसारखी. गेरू वाढवला तर कोटाची बाही थंड पडते. बाही उष्ण केली की शर्टाची छाती बिघडली, म्हणजे पटलेली एकुलती एक गोष्ट गेली. कोरं कॅनव्हास मात्र फिकं असल्यामुळे पेरावरच्या उजेडाचं काम निभावून नेतं.

इतकं थांबायची मुभा मिळते कुणाला? आपल्याला तर कायम कुणीतरी विचारतंच, झालं का, कधी देणार. आणि मग घाईघाईत... जाऊ दे.

खरं तर मुभा त्यालाही नव्हती, त्याने ती घेतली. पॅरिसहून आपल्या गावी, एक्स-आँ-प्रोव्हान्सला निघताना सेझान व्होलारला सांगून गेला, बैठकींना घालायचास तो सूट स्टुडिओतच राहू दे, परत आलो की ठिपके भरतो. म्हणजे त्याच्या लेखी काम चालूच होतं. हे आठवलं तेव्हा जरा बरं वाटलं.

आता ती शर्टाची छाती नीट बघायची आहे. तिथला पांढरा नेमका कशाकशाने पांढरा झालाय ते.